वळणावरचा भोंगा

आमच्याकडे पाहुणा फोनवर "काही करू नका हं" म्हणाला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे घाटंजीत कोणाला शिकवावं लागत नाही. पोहे तर नक्की, त्याच्या मागून चहा, आणि माणूस जेवणाच्या वेळेला टेकणार असेल तर पातोडीचा रस्सा. "करू नका" म्हणणं हे त्याचं काम, करणं हे आपलं. म्हणून नागपूरचे ते गृहस्थ जेव्हा फोनवर म्हणाले, "भाऊ, भोंग्याला काही करू नका, जसा आहे तसा असू द्या, मी रविवारी येतोच," तेव्हा मी मनाशी म्हटलं, वा, माणूस रीतीचा दिसतो. आणि शनिवारी दुपारी चिंच, मीठ अन् राख घेऊन मागच्या ओट्यावर भोंगा घासायला बसलो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पितळेवर आंबटाची काय क्रिया होते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. त्या दिवशी प्रत्यक्ष करून दाखवली. दोन तास लागले. बायको दोनदा दारात येऊन पाहून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला राहवलं नाही.

"अठ्ठावीस वर्षांत मले एक गंज-भांडं घासून नाही देला," ती म्हणाली. "अन् याले न्हाऊ घालून राह्यले."

"उद्या पाहायला येणार आहेत त्याला," मी म्हटलं.

"मंग हळद लावा," असं म्हणून ती आत गेली.

भोंगा असा लखलखला की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. नाक जरा जास्तच मोठं होतं, पण तो दोष भोंग्याच्या गोलाईचा. रविवारी साडेअकराला ते गृहस्थ आले. साठीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दाखवा." मी टेबलावरचा रुमाल उचलला. त्यांनी भोंगा हातात घेतला, दाराशी उजेडात नेला आणि उलटसुलट करून पाहत राहिले. मला वाटलं, माणूस भारावला.

"भाऊ," ते अखेर म्हणाले, "तुम्ही तर याची उमर घासून टाकली."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या पितळेवर जो काळपट-तपकिरी थर बसतो, तीच त्या वस्तूची साक्ष. तो थर बसायला दोन पिढ्या लागतात. जमवणारे लोक त्या थरासाठीच जीव टाकतात. आता हा भोंगा काचेच्या कपाटात मांडायच्या लायकीचा राहिला नव्हता. परवा बाजारातून आणल्यासारखा दिसत होता. स्वयंपाकघरात चालू असलेला झाऱ्याचा आवाज एकदम थांबला, यावरून मला कळलं की हे आतपर्यंत ऐकू गेलं.

आता हा भोंगा आमच्या घरी कसा आला, ते सांगतो. माझे बाबा इथल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचे ड्रायव्हर होते. तेहतीस वर्षं त्यांनी एकच गाडी चालवली. काळी, पोटुशी, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. गाडीला विजेचा हॉर्न होताच, पण शेठजींना हौस भारी. त्यांनी कुठून कुठून मागवून चार वस्तू तिच्यावर चढवल्या होत्या. धुक्यात लावायचे पिवळ्या काचेचे दोन दिवे, जणू घाटंजीत रोजच धुकं पडतं. चावीचं एक गोल घड्याळ. ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर रबरी फुगा दाबून वाजवायचा हा पितळी भोंगा. आणि चौथी वस्तू म्हणजे खिडकीचा कूलर.

हा कूलर फार कमी लोकांनी पाहिला असेल. पत्र्याचा लांबट पिपा, खिडकीच्या काचेवर बाहेरून अडकवायचा. पोटात पाणी भरायचं, आत वाळ्याच्या जाळीचं फिरतं डबडं. गाडी पळाली की वारा त्याच्या तोंडातून शिरून, ओल्या वाळ्यातून गार होऊन आत यायचा. वाळा सुकला की आतून दोरी ओढायची. डबडं फिरून पुन्हा ओलं व्हायचं. वीज नाही, काही नाही. मे महिन्यात यवतमाळच्या रस्त्यावर शेठजी डोळे मिटून त्या वाऱ्यात बसत, आणि बाबा घामानं निथळत गाडी चालवत. कारण कूलर एकच आणि तो शेठजींच्या खिडकीला.

पण भोंगा बाबांचा होता. आमचं घर मुख्य रस्त्यापासून शंभरेक पावलं आत. शेठजींना घेऊन गाडी गावाबाहेर निघाली की आमच्या वळणावरून जायची. तिथं बाबा भोंगा वाजवत. एकदा वाजवला तर यवतमाळ किंवा कळंब, म्हणजे रात्री जेवायला घरी. दोनदा वाजवला तर नागपूर, म्हणजे वाट पाहू नका. फोन नव्हता, निरोप द्यायला माणूस नव्हता; एवढ्यावर आमचं घर चालायचं. एकदा वाजला की माय पिठाच्या डब्यातून आणखी एक ओंजळ ज्वारीचं पीठ काढायची. दोनदा वाजला की नाही काढायची. त्या ओंजळभर पिठावरून मला, शाळेतून आल्यावर, बाबा कुठं आहेत ते कळायचं. शेठजींना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्या वळणावर म्हशी असतात.

एकदा, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, गाडी धुवायला म्हणून बाबांबरोबर जिनिंगवर गेलो होतो आणि मी भोंग्याच्या फुग्याला हात घातला. बाबांनी हात धरला. "उगाच वाजवू नोको," ते म्हणाले. "तुही माय पीठ काढंल."

जिनिंग आमच्या घरापासून चांगलं दीड मैल लांब होतं.

माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी शेठजी नागपूरला राहायला गेले आणि गाडी विकली. विकण्याआधी त्यांनी बाबांना विचारलं, "तुले काय पाह्यजे?" दुसऱ्या कोणी आणखी काही मागितलं असतं. बाबांनी पाना आणला आणि या चार वस्तू उतरवून घेतल्या. त्यानंतर त्या आमच्या मागच्या खोलीत एका लाकडी पेटीत राहिल्या. दसऱ्याला लोक आपापल्या गाड्यांना झेंडूचे हार घालत, बाबा त्या पेटीला घालत. पुढं फुग्याचं रबर कडक होऊन तडकलं. बाबा गेले. भोंगा मुका झाला. हार मी घालत राहिलो.

आणि आता ती खोली रिकामी करायची होती. पोरगी बाळंतपणाला येणार. पुण्याहून फोनवर तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "बाबा, त्या खोलीत मी आणि बाळ राहू शकतो, नाहीतर तुमचं भंगार राहू शकतं. ठरवा." ठरवायला मला वेळ लागतो हे तिला ठाऊक आहे. म्हणून दिवाळीत आली होती तेव्हाच तिनं चारही वस्तूंचे फोटो काढून ठेवले होते. ते तिनं जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकले, आणि नागपूरच्या या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे तसलीच एक काळी गाडी होती. गेली सहा वर्षं ते तिला तिचं मूळ रूप परत देत होते.

मी मनाशी हिशेब असा मांडला होता: दिवे द्यायचे, घड्याळ द्यायचं, कूलर तर हसत द्यायचा, कारण तो सगळ्यात जास्त जागा खातो. भोंगा दाखवायचा, पण द्यायचा नाही. मग मी तो घासला कशाला, असं कोणी विचारेल. माणूस कधी कधी न द्यायच्या मुलीलाही चांगली साडी नेसवून बसवतो.

भोंग्याची उमर गेल्यानंतर त्या गृहस्थांनी दिवे पाहिले, घड्याळाला चावी दिली. शेवटी पेटीच्या तळाचा कूलर निघाला. तो एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट बांधलेला होता. कोणी बांधला, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तुकडा सोडला आणि ते गृहस्थ चक्क खाली मांडी घालून बसले.

"याला तर गंजही नाही चढला," ते म्हणाले. "भाऊ, मी चौदा वर्षांपासून हा शोधून राहिलो. यासाठीच आलो मी. बाकी सब बहाना."

त्यांनी त्याचं जे मोल सांगितलं ते ऐकून मला ठसका लागला. जेवणावर बोलू म्हणून आम्ही पानावर बसलो. रस्सा झणझणीत झाला होता; पाहुणे डोळे पुसत जेवत होते. आणि मी, सौदा जमल्यातच जमा धरून, माझी ती गोष्ट काढली.

आमच्या नात्यातलं एकही लग्न असं नाही की जिथं मी ही गोष्ट सांगितली नाही. आमचं लग्न मे महिन्यात, बोरी अरबला. मुलीकडचा मांडव तिथला. शेठजींनी मोठ्या मनानं गाडी दिली होती. बाबांनी कूलर पुढच्या, शेठजींच्या खिडकीवरून काढून मागच्या खिडकीला, नवरीच्या बाजूला अडकवला. ऊन असं की रस्ता पातळ झाल्यासारखा दिसत होता. यवतमाळ मागं टाकलं, घाटंजी जवळ आली, तशी बाबांनी एका नाल्याजवळ कूलरात पाणी भरायला गाडी थांबवली. मी दोन मिनिटं खाली उतरून झाडामागं गेलो. परत येतो तर काय! कूलर बिघडलेला, सगळं पाणी नवरीच्या अंगावर, नवरी डोक्यापासून शालूपर्यंत न्हालेली, कुंकू नाकावर, काजळ हनुवटीवर, आणि बाबा दोरी हातात धरून शुंभासारखे उभे. आमच्या आधी घरी पोचून दारात ओवाळायला आलेल्या माझ्या आत्या म्हणाल्या, "हे काय, नवरी आणली का विहिरीतून काढली?" मायनं बाबांना दारातच फैलावर घेतलं. इथं मी हातवारे करतो, आत्याचा आवाज काढतो, आणि सगळे हसतात. बाबा होते तोवर सगळ्यात आधी ते हसत. मला त्याचा फार अभिमान होता.

पाहुणेही पोटभर हसले. "मग तर हा कूलर माझ्या गाडीवर लागलाच पाहिजे," ते म्हणाले. "हो म्हणा, भाऊ."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. बायको भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "ते नाही द्यायचं."

माझ्याकडे नाही, पाहुण्यांकडेही नाही. परातीकडे पाहून म्हणाली आणि आत गेली. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. मग "जरा मीठ आणतो" असं म्हणून उठलो. मीठ ताटातच होतं.

आत ती गॅसपाशी पाठ करून उभी होती.

"कायले मना करून राह्यली?" मी दबक्या आवाजात विचारलं. "माणूस नागपूरहून आला. खोली तुझ्याच पोरीसाठी रिकामी करायची आहे ना?"

"खोलीत नाही ठेवत. माह्या पलंगाखाली ठेवतो."

"पण काहून?"

तिनं गॅस बारीक केला. मग बोलली, तेही गॅसकडे पाहूनच.

"तो बिघडला नव्हता."

"कोण?"

"कूलर. मी बोरीपासून रडून राह्यली होती. तुमाले कुठं दिसलं? तुम्ही खिडकीतून कपाशीचे रिकामे वावरं पाहून राह्यले होते. यवतमाळपर्यंत माहे डोये हे असे सुजले. मले एकच भेव, का अशा थोबाडानं सासरच्या दारात कशी उतरू. तुमच्या आत्या मांडवातच म्हणल्या होत्या, पोरगी रडकी दिसते म्हणून." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मामाजी गाडी चालवता चालवता आरशातून पाहत होते. नाल्यापाशी तुम्ही उतरले, अन् ते कूलरात काठोकाठ पाणी भरून म्हणाले, सूनबाई, डोये मिटून घे, मी दोरी ओढतो. कोणी इचारलं तं म्हणजो कूलर बिघडला."

बाहेर पाहुण्यांनी खाकरल्याचा आवाज आला.

"तुम्ही कुठं लग्नात ते सांगाले लागले," ती म्हणाली, "का मामाजी आधी माह्याकडं पाहत, अन् मंग हसत."

मला तिथं उभं राहून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षं मी ज्या गोष्टीवर लोकांना हसवत होतो, तिच्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आणि बाबा माझ्या सांगण्याला हसतच नव्हते. माणूस गेल्यावर इतक्या वर्षांनी त्याची एक नवीन गोष्ट हाती लागावी, आणि त्याला त्याबद्दल काही विचारता येऊ नये. मला एकदम बाबा हवेसे झाले. फार नाही, त्या नाल्याजवळ, झाडामागून परत येण्याइतपत वेळ.

मी मीठ न घेताच बाहेर आलो. "घरातून नाही म्हणतात," मी पाहुण्यांना सांगितलं. कारण सांगितलं नाही.

त्यांनी कूलरकडे एकदा पाहिलं, मान हलवली. "घरातून म्हणजे झालं," ते म्हणाले. "माझ्या घरूनही अर्धी गाडी नाहीच म्हणून ठेवली आहे." चांगला माणूस. हात धुऊन त्यांनी स्वतःच कूलर पुन्हा लुगड्यात बांधला, पहिल्यापेक्षा घट्ट.

मग मला म्हणाले, "भोंग्याचा आवाज तरी ऐकून जातो." आपल्या गाडीतून त्यांनी एक नवा रबरी फुगा आणला. असले फुगे ते बरोबरच बाळगतात. भोंग्याच्या मागं तो बसवला, पकडीनं पट्टी आवळली, आणि दाबला.

एकदाच.

तो आवाज मी वीसेक वर्षांनी ऐकला. जाडाभरडा, जरासा घोगरा, म्हातारं बदक कुठूनतरी बोलवत असल्यासारखा. मी उठून उभा राहिलो होतो. का उठलो, ते मला नंतर कळलं. एकदा वाजला की मी धावत जाऊन मायला सांगायचो, आज बाबा येतात जेवायला, तिनं स्वतः ऐकलेलं असलं तरी. स्वयंपाकघरातही काहीतरी थांबलं होतं.

पाहुण्यांनी भोंगा माझ्या हातात दिला. "घ्या, फुगा माझ्याकडून. आता ठेवा जपून."

मी तो हातात धरून बसलो. आता रोज वाजवता येईल, असा विचार आधी आला. मग वाटलं, मी रोज दाबीन आणि रोज एकदा वाजेल, आणि जेवायला कोण येणार? मुका होता तोवर बरं होतं. त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

"मी हा घासला नसता," मी विचारलं, "तर तुम्ही कुठं ठेवला असता?"

"काचेच्या कपाटात. कुलूप लावून."

"आणि आता?"

ते हसले. "आता काय? आता तो कपाटातला राहिला नाही. आता गाडीवरच लागेल. रस्त्यावर वाजेल."

एवढं बोलून ते दिवे खोक्यात भरायला लागले. मी भोंगा त्या खोक्यात, दिव्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"भाऊ, विचार करा. मी मागितला नाही."

"विचार करायला बसलो तर पोरीचं बाळ शाळेत जाईल," मी म्हटलं. "घेऊन जा. फक्त एक करा. हमरस्त्याला लागताना आमच्या वळणावर वाजवा."

"किती वेळा?"

मी सांगणार होतो. दोनदा, असं ओठांवर आलं होतं. तेच बरोबर होतं. नागपूरलाच तर चालले होते. पण ते मला माझ्या तोंडानं म्हणवेना.

"तुमच्या मनानं," मी म्हटलं.

ऊन उतरल्यावर ते निघाले. भोंगा त्यांनी मागं ठेवला नाही, शेजारच्या सीटवर ठेवला. मी फाटकाशी उभा राहिलो. गाडी शंभर पावलं गेली, वळणावर जरा हळू झाली, त्यांचा हात खिडकीतून भोंग्यासकट बाहेर आला. उन्हात ते घासलेलं पितळ असं चमकलं की, खरं सांगतो, माझी चिंच मला वाया गेल्यासारखी वाटली नाही.

एकदा वाजला.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. गाडी वळली, धूळ उठली, धूळ खाली बसली. समोरच्या घरची म्हैस रस्ता ओलांडून गेली. दुसरा वाजलाच नाही.

बायको माझ्या मागं केव्हा येऊन उभी राहिली होती ते कळलं नाही. तीही वळणाकडेच पाहत होती.

"एकच वाजला," ती म्हणाली. "टाकू का एक भाकर जास्तीची?"